एका डॉलरचा देवमासा

१८५७ च्या अखेरीस मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला 'बोस्टन' नावाचं दोन डोलकाठ्यांचं जहाज एका खाडीचं तोंड शोधत होतं. सोबतीला 'मरीन' नावाचं छोटं गलबत. किनारा रखरखीत वाळवंटाचा, खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. आत शांत पाणी पसरलं आहे, याचा बाहेरून पत्ताही लागू नये. कप्तान चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातला हा दर्यावर्दी सोन्याच्या लाटेत, १८५० मध्ये, सान फ्रान्सिस्कोला पोहोचला. सोनं बाजूलाच राहिलं; हाती आली ती सील आणि देवमासे मारणाऱ्या जहाजांची कप्तानी. या धंद्यात खलाशांना पगार नसे, जमलेल्या तेलात वाटा असे. तेल मिळालं नाही तर वर्षभराची मेहनत फुकट. म्हणूनच नकाशावर धड नसलेल्या खाडीत जहाज घालायला माणसं तयार झाली.

'मरीन' पुढे घालून, खोली मोजत मोजत, स्कॅमन आत शिरला. मेक्सिकन लोक या खाडीला ओहो दे लिएब्रे म्हणत. आत राखाडी देवमाशांच्या माद्या होत्या, शेकड्यांनी, आणि त्यांच्या कुशीला नुकतीच जन्मलेली पिल्लं.

हा प्राणी उन्हाळा काढतो तो अलास्का आणि सैबेरियाच्या मधल्या थंड समुद्रात. कुशीवर वळून तळाचा चिखल तोंडात ओढायचा, तोंडातल्या झालरीतून पाणी गाळायचं आणि उरलेले कोळंबीच्या कुळातले बारीक जीव गिळायचे, असं त्याचं जेवण. चार-पाच महिने खाऊन चरबी साठवायची आणि बर्फ धरू लागला की दक्षिणेची वाट पकडायची. एका बाजूचा प्रवास आठ ते दहा हजार किलोमीटरचा, तोही बराचसा किनाऱ्याला धरून. बाहाच्या उथळ, उबदार खाड्यांत माद्या वितात. पूर्ण वाढलेला प्राणी तेरा-चौदा मीटर लांब, तीस टनांच्या आसपास. जन्मलेलं पिल्लूसुद्धा साडेचार मीटरचं असतं.

पहिल्या दोन शिकारी सहज झाल्या. मग होड्या फुटायला लागल्या. खुल्या समुद्रात हार्पून लागलेला देवमासा दोर ओढत लांब पळतो. खाडीत त्याला पळायला जागा नव्हती आणि पिल्लाला सोडून आई पळतही नव्हती. ती वळून शेपटीचा तडाखा देई. दोन होड्यांचा चुराडा झाला, बाकीच्या पंधरा वेळा फुटल्या, अठरा जणांपैकी सहा जणांना जबर मार बसला, एकाचे दोन्ही पाय मोडले, दुसऱ्याच्या तीन बरगड्या, असा हिशेब स्कॅमनने पुढे आपल्या पुस्तकात मांडून ठेवला आहे. शिकारी या प्राण्याला सैतानमासा म्हणत. देवमासा नुसता जवळून गेला तरी भेदरलेले खलाशी होडीतून पाण्यात उड्या टाकू लागले, तेव्हा स्कॅमनने पद्धत बदलली. माद्या ज्या खोल पन्हळीतून ये-जा करत तिच्या कडेला, देवमासा येऊ शकणार नाही इतक्या उथळ पाण्यात, त्याने होड्या नांगरून ठेवल्या. देवमासा टप्प्यात आला की खांद्यावरच्या बंदुकीतून स्फोटक भाला मारायचा. पाठलाग नाही, दोर नाही. पिल्लाला इजा होऊ नये याची मात्र शिकारी काटेकोर काळजी घेत, कारण पिल्लाला लागलं तर आई होडीवर चालून येई. आई मेल्यावर त्या पिल्लाचं काय होई, हे सांगायला नको.

जहाजाच्या डेकवर विटांची भट्टी असे. चरबीचे पट्टे कापून, तुकडे करून कढयांत उकळायचे. आधीच्या चरबीचे कुरकुरीत झालेले चोथेच जळणाला वापरायचे. एका राखाडी मादीपासून वीस-तीस पिंपं तेल निघे. 'बोस्टन' तेलाने भरून सान फ्रान्सिस्कोला परतलं आणि गुपित गुपित राहिलं नाही. पुढच्या हंगामात स्कॅमन 'ओशन बर्ड' घेऊन आला तेव्हा त्याच्या मागावर दुसरी जहाजं होतीच. त्यांतलं एक, 'ब्लॅक वॉरियर', शेजारच्या खाडीच्या तोंडाशी फुटलं. तिथल्या गावाला आज त्याचंच नाव आहे, स्पॅनिशमध्ये, गेरेरो नेग्रो. १८५९-६० मध्ये स्कॅमनने दक्षिणेची सान इग्नासिओ खाडीही उघडली. १८६१ उजाडेपर्यंत दोन्ही खाड्यांत जहाजाचा खर्च निघेल एवढे देवमासे उरले नव्हते. अमेरिकन नकाशांवर ओहो दे लिएब्रेचं नाव 'स्कॅमन्स लगून' असं पडलं, ते मात्र टिकलं.

स्कॅमनची गोष्ट इथे संपली असती तर तो इतर शेकडो कप्तानांसारखा विसरला गेला असता. पण हा माणूस मारताना पाहत होता. सरकारी सीमाशुल्क गस्तीच्या नौकेवर नोकरी धरल्यावर त्याने जुन्या नोंदी काढल्या, किनाऱ्यावर आलेले प्राणी पट्टी लावून मोजले, चित्रं काढली आणि १८७४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सागरी सस्तन प्राण्यांवर एक जाडजूड ग्रंथ छापला. ग्रंथ खपला नाही. पण राखाडी देवमासा कुठे वितो, कसा श्वास घेतो, आई-पिल्लू किती अंतर ठेवून पोहतात, हे इतकं बारकाईने त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं आणि नंतरही बराच काळ कुणी लिहिलं नाही. १८४६ पासून सुमारे १०,८०० राखाडी देवमासे मारले गेले असावेत, हा अंदाजही त्याचाच, आणि ही जात पॅसिफिकमधून नाहीशी होणार की काय ही शंकाही त्याचीच. शंका व्यक्त करणाऱ्याच्या हाताला त्याच तेलाचा वास होता, म्हणून ती कमी खरी ठरत नाही. उलट मला वाटतं, या प्रजातीचा पहिला खरा निरीक्षक तिचा सर्वांत कुशल मारेकरी होता, हे मान्य केल्याशिवाय पुढचा इतिहास नीट लागत नाही.

कत्तल थांबली ती दयेपोटी नाही. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, दिव्यांना रॉकेल मिळालं. इकडे खाड्या रिकाम्या झाल्या. १९०० च्या सुमारास हा प्राणी संपलाच, असं पुष्कळ जाणकार धरून चालले होते. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या रॉय चॅपमन अँड्र्यूजला जपानी देवमासे-शिकाऱ्यांच्या बोलण्यात एका अनोळखी प्राण्याचं वर्णन ऐकू आलं, तेव्हा त्याचे कान टवकारले. १९१२ च्या सुरुवातीला तो कोरियाच्या उल्सान बंदरात जाऊन बसला आणि शिकारी बोटींनी ओढून आणलेले राखाडी देवमासे त्याने धक्क्यावर मोजले. म्हणजे संपलेला प्राणी पॅसिफिकच्या दुसऱ्या काठाला जिवंत होता आणि तिथे मारला जात होता. पूर्वेकडच्या कळपातलेही काही वाचले होते. ते वाढायला लागले तसे नॉर्वेचे तरंगते कारखाने १९२० च्या दशकात पुन्हा बाहाच्या किनाऱ्याला आले. अखेर १९३७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने राखाडी देवमाशाच्या व्यापारी शिकारीवर बंदी घातली. जपान आणि सोव्हिएत संघ तेव्हा त्या करारात नव्हते. १९४६ च्या कराराने ती बंदी पक्की केली.

या सनावळीत कौतुकाने समुद्राकडे पाहणारा माणूस अजून कुठेच आलेला नाही.

तो आला दुसऱ्या महायुद्धानंतर, सान दिएगोमध्ये. देवमाशांची हिवाळी वाट या शहराच्या अंगणातून जाते. ला होया इथल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे कार्ल हब्स यांनी १९४० च्या दशकात विद्यार्थ्यांना इमारतीच्या गच्चीवर बसवून दक्षिणेला जाणारे देवमासे मोजायला सुरुवात केली. मोजदाद म्हणजे थंडीत दुर्बीण धरून फवारे टिपत बसणं. १९५० मध्ये पॉइंट लोमाच्या टेकडीवर, काब्रियो राष्ट्रीय स्मारकाच्या आवारात, एका जुन्या लष्करी इमारतीवर लोकांसाठी देवमासे पाहण्याची जागा केली गेली. पहिल्याच हंगामात दहा हजारांच्या आसपास माणसं तिथे येऊन उभी राहिली. पाहायला काय मिळत होतं? दूरवर पाण्यातून उठणारा वाफेचा एक झोत, काळसर पाठीचा तुकडा, कधीमधी शेपटी. तेवढ्यासाठी माणसं वारा खात होती.

ही गर्दी चक चेंबरलिन नावाच्या मच्छीमाराच्या नजरेत भरली. हिवाळ्यात त्याच्या बोटीला तसंही काम कमीच. १९५५ मध्ये त्याने पाटी लावली: देवमासे पाहा, एक डॉलर. जगात तिकीट घेऊन देवमासे दाखवण्याचा धंदा सुरू झाला असं म्हणतात तो इथून. चेंबरलिन निसर्गप्रेमी होता की नव्हता, हा प्रश्न मला गौण वाटतो. त्याच्याकडे बोट होती, मंदीचा हंगाम होता आणि टेकडीवर गिऱ्हाईक उभं होतं. मालवण-तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या आपल्या होडीवाल्यांना हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. थोड्याच वर्षांत रेमंड गिलमोर हे जीवशास्त्रज्ञ अशा फेऱ्यांवर लोकांबरोबर जाऊ लागले आणि समोर दिसणाऱ्या पाठीच्या तुकड्याला मागचापुढचा संदर्भ मिळाला. जाणकार सोबत असलेली फेरी हा या धंद्याचा पुढे जगभर चाललेला साचा तिथलाच.

सान दिएगोतून दिसणारा देवमासा वाटेवरचा होता. तो जिथे मुक्कामाला जातो त्या खाडीत पहिली गाजलेली मंडळी गेली ती मात्र प्रेक्षक म्हणून नव्हे. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट घराघरांत माहीत झाले. या डॉक्टरांना देवमाशाच्या हृदयाचे ठोके नोंदवायचे होते. १९५६ मध्ये विमान कारखानदार डोनाल्ड डग्लस यांच्या साथीने ते स्कॅमनच्या खाडीत उतरले. तारा जोडलेले छोटे भाले देवमाशाच्या कातड्यात रोवायचे आणि यंत्रावर आलेख घ्यायचा, असा बेत. एका आईने त्यांच्या बोटीचं सुकाणू आणि पंखा मोडला, बाजूला भोक पाडलं. शंभर वर्षांत खाडीतल्या माद्यांचा स्वभाव फारसा बदलला नव्हता आणि माणसाची जवळ जाण्याची तऱ्हाही. आलेख त्या खेपेला मिळाला नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी जाक कुस्तोची चित्रपट तुकडी बाहाला आली आणि वाळवंटाला लागून असलेल्या या पाण्यातले देवमासे दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले.

मग १९७२. त्या एका वर्षात मेक्सिकोने ओहो दे लिएब्रे खाडी देवमाशांसाठी राखीव केली आणि अमेरिकेने सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा केला. शिवाय त्याच वर्षी सान इग्नासिओ खाडीत असं काही घडलं ज्याची सरकारदरबारी नोंद व्हायचं कारणच नव्हतं.

फ्रान्सिस्को मायोराल, सगळे ज्याला पाचिको म्हणत, हा त्या खाडीवरचा मच्छीमार. तिथल्या लोकांची होडी म्हणजे पांगा: लांबट, उघडी, मागे मशीन लावलेली. मच्छीमारांत देवमाशाची भीती मुरलेली होती. फवारा दिसला की होडी लांब घ्यायची, नाहीतर वल्ह्याने तळावर ठोके देत राहायचं, म्हणजे त्याला खाली लाकूड असल्याचं कळेल आणि तो तिथे वर येणार नाही. त्या हिवाळ्यात पाचिको एका साथीदाराबरोबर मासे धरत असताना एक देवमासा थेट होडीशी आला. या बाजूने वर आला, खालून गेला, त्या बाजूने वर आला. पांग्याच्या लांबीपेक्षा तो मोठा होता. होडीला टेकून तो थांबला, निघून जाईना. दोघांना पळायला वाव नव्हता. बऱ्याच वेळाने पाचिकोने एक बोट पुढे केलं, मग हात. कातडी त्याला मऊ लागली. देवमासा हलला नाही.

ही गोष्ट त्याने पुढे आयुष्यभर सांगितली, आणि गोष्ट सांगून-सांगून घोटीव होते हेही खरं. तो २०१३ मध्ये वारला. त्याची मुलं पर्यटकांना देवमासे दाखवण्याचा व्यवसाय करतात. पण असं वागणारा देवमासा एकच नव्हता, हे लवकरच इतरांनाही दिसलं. स्टीव्हन स्वार्ट्झ आणि मेरी लू जोन्स या संशोधकांनी १९७७ ते १९८२ या काळात सान इग्नासिओच्या काठावर तळ ठोकून देवमासे मोजले, ओळखले. त्यांच्या ओळखीच्या एका लहान मादीचं नाव त्यांनी 'अमेझिंग ग्रेस' ठेवलं होतं. ती त्यांच्या रबरी होडीखाली येऊन अंग घासे, होडी पाठीवर उचले, मशीनच्या आवाजापाशी रेंगाळे. मशीन बंद केलं की तिचा रस संपे. होडीवाल्यांनी यातून धडा घेतला: देवमासा दिसला की जवळ जायचं नाही, मशीन न्यूट्रलला फटफटत ठेवायचं आणि वाट पाहायची. यायचं की नाही हे त्याने ठरवायचं.

येतो तेव्हा काय दिसतं? आधी पाण्याखाली फिकट डागांचा एक मोठा आकार सरकतो. मग डोकं वर येतं, आणि ते गुळगुळीत नसतंच. त्यावर पांढरट कालवांसारख्या बार्नॅकल प्राण्यांचे दाट पुंजके असतात, खवल्यासारखे कडक. बार्नॅकलची ही जात बहुतांशी याच देवमाशावर वाढते. पुंजक्यांच्या फटींत नारिंगी-पिवळ्या देवमाशाच्या उवा चिकटलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. मधल्या मोकळ्या कातडीवर विरळ ताठ केस. दोन नाकपुड्या उघडतात आणि होडीतल्या सगळ्यांच्या अंगावर कोमट, किंचित वास मारणारा तुषार उडतो. डोळा मात्र शोधावा लागतो. तोंडाच्या कोपऱ्यामागे, सुरकुत्यांत, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा फारसा मोठा नसलेला. आई कधी कधी पिल्लाला खालून डोक्याने ढकलत होडीकडे आणते. तिने असं का करावं याला पटणारं एक उत्तर अजून कुणाकडे नाही. कुणी अंग घासायची सोय म्हणतं, कुणी मशीनच्या आवाजाची ओढ, कुणी निव्वळ कुतूहल.

वाटाड्यांकडून पर्यटकांना आणखी एक उत्तर ऐकायला मिळतं: देवमाशांनी माणसाला माफ केलं. हे ऐकायला गोड आहे. पण १९७२ मध्ये पाचिकोच्या होडीशी आलेल्या देवमाशाने त्या खाडीत हार्पून पाहिलाच नसण्याची शक्यता अधिक. बाहाच्या किनाऱ्यावरची शिकार थांबून चार दशकं उलटली होती. आणि राखाडी देवमाशाची शिकार पूर्णपणे थांबलेलीही नाही. रशियाच्या चुकोत्का प्रांतातले किनाऱ्यावरचे आदिवासी आंतरराष्ट्रीय देवमासे-शिकार आयोगाने ठरवून दिलेल्या मर्यादेत दरवर्षी शंभराहून जास्त राखाडी देवमासे पोटासाठी मारतात. फेब्रुवारीत बाहामध्ये ज्याच्या नाकावर पर्यटकांनी हात फिरवला तोच जुलैत बेरिंग समुद्रात त्यांच्या होडीसमोर येऊ शकतो. त्या लोकांना दोष देण्याचं कारण नाही. हा प्राणी त्यांनी संपवला नव्हता. माफीची गोष्ट मात्र त्यामुळे लंगडी पडते.

१९७३ च्या अखेरीस द्वीपकल्पाच्या लांबीभर पक्का रस्ता झाला आणि सान दिएगोहून बोटीने जायची सक्ती संपली. १९७९ मध्ये सान इग्नासिओ राखीव झाली, १९८८ मध्ये दोन्ही खाड्यांना पोटात घेणारं एल व्हिस्काईनो जीवावरण क्षेत्र जाहीर झालं, १९९३ मध्ये युनेस्कोने खाड्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, १९९४ मध्ये अमेरिकेने पूर्वेकडचा राखाडी देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढला. असं नाव वगळलं जाणं फार थोड्या प्राण्यांच्या नशिबी येतं. कागदोपत्री सगळं मार्गी लागलं होतं.

त्याच वर्षी मिठाची योजना आली.

गेरेरो नेग्रोला १९५४ मध्ये डॅनियल लुडविग या अमेरिकन जहाजमालकाने मिठागर काढलं होतं. 'एक्स्पोर्तादोरा दे साल' नावाच्या या कंपनीत पुढे ५१ टक्के हिस्सा मेक्सिको सरकारचा आणि ४९ टक्के जपानच्या मित्सुबिशीचा झाला. उरण-पेणकडची मिठागरं पाहिलेल्याला तत्त्व ओळखीचं वाटेल, आवाका नाही: समुद्राचं पाणी पंपाने क्षितिजापर्यंत पसरलेल्या तळ्यांत सोडायचं, ऊन-वाऱ्यावर आटवायचं आणि राक्षसी यंत्रांनी वर्षाला सत्तर लाख टनांच्या घरात मीठ खरवडायचं. ते बार्जमधून सेद्रोस बेटावर जातं आणि तिथून मोठ्या जहाजांत. आता कंपनीला सान इग्नासिओच्या काठावर दुसरं मिठागर हवं होतं, दोनशे चौरस किलोमीटरहून अधिक तळ्यांचं, समुद्रात दूरवर जाणाऱ्या धक्क्यासह.

मेक्सिकन कवी होमेरो अरिद्हिस आणि त्यांचा 'ग्रुपो दे लोस सिएन' हा लेखक-कलावंतांचा गट यांनी १९९५ मध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं. अमेरिकेतल्या पर्यावरण संघटना उतरल्या, नट-नट्या खाडीवर येऊन गेल्या, मित्सुबिशीच्या पत्त्यावर दहा लाखांच्या आसपास पत्रं गेली. गावकरी एका बाजूचे नव्हते. वाळवंटात पगाराची नोकरी म्हणजे काय हे बाहेरून येणाऱ्याला कळत नाही, आणि कंपनी नोकऱ्यांचं आश्वासन देत होती. दुसरीकडे काही कुटुंबांचा हिवाळा पर्यटकांवर निघत होता, उरलेलं वर्ष मासळीवर; पंपांनी ओढलेलं पाणी आणि परत सोडलेली खारट मळी यांचा मासळीवर काय परिणाम होईल, हा त्यांचा सवाल होता.

१९९९ मध्ये युनेस्कोचं पथक पाहणी करून गेलं आणि राखाडी देवमासा धोक्यात नाही, असंच म्हणालं. ते चुकीचं नव्हतं. गेरेरो नेग्रोच्या मिठागराला लागूनच असलेल्या ओहो दे लिएब्रे खाडीत दरवर्षी सर्वाधिक माद्या वितात, बार्जच्या वाटेशेजारीच. 'देवमासे वाचवा' ही घोषणा शास्त्राच्या कसोटीवर कच्ची होती असं माझं मत आहे. पण घोषणेला चेहरा लागतो, आणि खारफुटी, कालवं किंवा वाळवंटातलं प्राँगहॉर्न हरीण यांच्यासाठी दहा लाख पत्रं आली नसती. त्या पत्रांच्या मागे पंचवीस वर्षांत खाडीवर येऊन गेलेली माणसं होती. १८५७ मध्ये या पाण्यावर हक्क सांगायला कुणी नव्हतं. आता न्यूयॉर्कमध्ये आणि टोकियोत बसलेल्यांनाही ते आपलं वाटत होतं. राष्ट्राध्यक्ष अर्नेस्तो सेदियो सहकुटुंब खाडीवर जाऊन आले आणि २ मार्च २००० रोजी त्यांनी योजना रद्द केल्याचं जाहीर केलं. पाहणाऱ्यांनी प्राणी वाचवला नव्हता, तो १९३७ च्या कागदाने आणि रिकाम्या पडलेल्या खाड्यांनी वाचवला होता. पाहणाऱ्यांनी किनारा वाचवला.

तोवर चेंबरलिनचा धंदा जगभर पसरला होता. न्यूझीलंडच्या कायकोउरात १९८७ मध्ये स्थानिक माओरी कुटुंबांनी घरं गहाण टाकून बोट घेतली. जपानच्या ओगासावारा बेटांवर १९८८ मध्ये फेऱ्या सुरू झाल्या. आइसलँडच्या हुसाविकमध्येही त्यानंतर काही वर्षांत. तिन्ही देशांच्या इतिहासात देवमाशाची शिकार आहे, आणि दोघांनी ती सोडलेलीही नाही. २००८ मध्ये ११९ देशांत एक कोटी तीस लाख लोकांनी तिकीट काढून देवमासे-डॉल्फिन पाहिले, असा एका आंतरराष्ट्रीय पाहणीचा आकडा आहे.

सान इग्नासिओत आज हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. पाहण्यासाठी खाडीचा मुखाजवळचा एक भागच खुला. बाकी भाग आई-पिल्लांसाठी राखीव. एका वेळी सोळाच पांगे आत, एका फेरीला नव्वद मिनिटं, पाण्यात उतरायला मनाई. परवाने स्थानिकांकडे. नंबर लागेपर्यंत पर्यटक काठावर वाऱ्यात थांबतात आणि वाटाडे रेडिओवरून वेळ मोजतात. हे सगळं नियमाने चालतं आणि सध्याच्या संकटावर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

कारण संकट खाडीत नाही. २०१६ मध्ये पूर्वेकडच्या कळपाची संख्या सुमारे २७,००० होती, म्हणजे स्कॅमनने १८५० च्या दशकासाठी धरलेल्या कमाल तीस हजारांच्या जवळ. २०१९ पासून मेक्सिको ते अलास्का किनाऱ्याला रोडावलेले देवमासे मरून लागायला लागले. बेरिंग आणि चुकची समुद्रातला बर्फ कमी होतोय. त्या बर्फाखाली वाढणारं शेवाळ तळाशी बसतं, त्यावर देवमाशाचं खाद्य पोसलं जातं. मूळच आटलं. अर्धपोटी दक्षिणेला निघालेली मादी वीत नाही, आणि व्यालीच तर परतीच्या वाटेवर टिकत नाही. २०२५ च्या अंदाजात संख्या १३,००० च्या आसपास आली, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्या वसंतात उत्तरेला जाणाऱ्या पिल्लांचा अंदाज शंभराच्याही खाली, १९९४ पासूनच्या मोजणीतला सर्वांत कमी.

१९९९-२००० मध्येही असेच देवमासे मेले होते आणि काही वर्षांत कळप सावरला होता. या वेळी तसं होईल की नाही यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. तेव्हा उत्तरेकडे बर्फ जास्त होता, एवढा फरक सगळे मान्य करतात. हब्स यांनी गच्चीवरून सुरू केलेली मोजणी अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञ आता कार्मेलच्या दक्षिणेला, ग्रॅनाइट कॅन्यनच्या कड्यावरून करतात. डिसेंबरअखेर माणसं तिथे दुर्बिणी घेऊन बसतात आणि दक्षिणेला जाणारे फवारे मोजतात.